पहिली पेंढी कोणाच्या हाती

…अन् वरून बिस्किटाचा पुडा भी देला? वा बाप्पा! म्हणजे ऐन रोवण्याच्या, धान लावाच्या दिवसात, जव्हा माणसाले डोकं खाजवाले हात रिकामा नाही, तव्हा ग्रामपंचायतीत शिबिर ठेवाचं, भंडाऱ्याहून मॅडम बोलवाच्या, अन् त्यायनं पडद्यावर चित्र दाखवून सांगाचं का कामाच्या गटात एकाले राग आला का तो सर्दीसारखा सगळ्यायले लागते, अन् मंग काम बसते… हेच सांगतलं ना? सुतळी आणाले गेलतो, दारातून आयकलं मी. खोटं नाही म्हणत. लागते राग. सर्दीपेक्षा लवकर लागते. पण 'काम बसते' म्हणाल्या ना त्या, तिथं मी आत शिरून बोलणारच होतो, पण माह्या पायाले चिखल अन् तुमची सतरंजी कोरी, म्हणून वापस आलो. बसा ग्रामसेवक साहेब, या धुऱ्यावरच, बांधावरच बसा. तिकडं बांधीत, पाणी भरल्या वावरात, माही बायको वाकून धान लावून राहिली, ती मान वर करेपर्यंत सांगतो तुम्हाले.

भलं होवो त्या रागाचं, असं मी म्हणतो. हसू नोका, आधी आयका.

आता भैयाजी म्हणजे तो पाहा, माह्या बायकोच्या पल्याड, डोक्याले दुपट्टा गुंडाळून वाकला आहे तो. तो माह्या बांधीत काय करून राहिला ते शेवटी सांगतो. त्याची बांधी ही वरची, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत लागलेली, पाहून घ्या, नजर नोका लावू. तं हा भैयाजी इतका गरीब माणूस का बैल हाकलताना भी 'चाला ना गा, चालता का थोडसं' असा बोलते, अन् बैल उभे राहून इचार करतेत. टोळी बोलावणं, कोणाले काय देणं, कोण रुसली, कोणाची समजूत काढाची, हे सगळं आजपर्यंत त्याच्या बायकोनं केलं, रुखमिणी वहिनीनं. हा फक्त मागं मागं पाण्याची बकेट घेऊन. अन् यंदा काय झालं, तलावाच्या पायरीवर शेवाळ, वहिनीचा पाय सरकला, प्लास्टर बसलं. ती घरी खाटेवर, हातात मोबाईल, अन् हा बांधीत एकटा, हातात पेंढी. माणसानं कोणाले दोष द्यावा? शेवाळाले द्या.

अन् पाण्याचं तं तुम्हाले मालूमच आहे. चिखलणीपुरतं पाणी आलं अन् आभाळ मोकळं झालं, म्हणून आपल्या तलावाचं तुडूम, पाणी सोडाचं दार, उघडलं, अन् ज्याची त्याची पाळी लागली. त्या दिवशी भैयाजीची पाळी, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी माही. टोळी भी तीच, आज त्याच्याकडं, उद्या माह्याकडं, अन् परवा पार गोसीखुर्दकडं, तिकडच्या लोकायनं आधीच गाडी सांगून ठेवलेली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वयावर गेलेले, शेंडे पिवळे पडून राहिले. म्हणजे दिवस मावळाच्या आत बांधी लागली तं लागली, नाही तं पाणी खाली, टोळी पल्याड, चिखल बसला, अन् बांधी पडीत. अन् त्या बांधीत काय लावाचं होतं? चिन्नोर! घरचा, वासाचा. त्यायची पोरगी गुड्डी नागपुराले नर्सिंग शिकते, ती दर सुट्टीत येऊन तोच तांदूळ बांधून नेते, मेसचा भात पोरीच्या गळ्याखाली उतरत नाही. वहिनी खाटेवरून म्हणे, 'आयकून राहिले का? बाकी काही नोका करू, पण बांधी पडीत नोका ठेवू. लोकं म्हणतीन, एक बाई पडली अन् यायचं घर पडलं.' हे त्याच्या मनाले लागलं. बिचारा रात्रभर झोपला नाही.

मी धुऱ्यावरून पाहून सांगतलं होतं, 'भैयाजी, वहिनी असती तं गोष्ट अलग होती. हे दोन दिवसाचं काम आहे गा.' तो म्हणे, 'होईन ना गा… कसं तरी होईन.' अन् खरं सांगू का, मले माही भी चिंता होती. त्याची बांधी राह्यली असती तं तो माह्याचकडं येणार होता, 'चंद्रकुमार, अर्धा दिवस पाणी दे, अर्धा दिवस बाया दे.' अन् या माणसाले नाही म्हणता येत नाही हो, तो मागतेच असा का देणाराले लाज वाटते.

सकाळी टोळी आली. सोळा-सतरा बाया, लुगड्याचे ओचे खोचलेले, डोक्यावर प्लास्टिकच्या घोंगड्या. टोळीची मुखिया रत्नाबाई, आवाज असा का पल्याडच्या धुऱ्यावरची म्हैस उठून बसते. सगळ्यात वडील गोदावरीबाई, आपण सगळे गोदामाय म्हणतो तिले. शकुनबाई गाणं सांगणारी. अन् गोदामायची नवी सून रिता, याच उन्हाळ्यात लगन होऊन आलेली, पहिलाच रोवणा तिचा आपल्या गावात. बाया हसून राहिल्या, एकमेकीले टोचून राहिल्या, रिताले चिडवून राहिल्या. मले वाटलं, झालं, आज गाण्यातच दिवस जाते.

अन् इथं भैयाजीनं ते केलं.

आता पहिली पेंढी, म्हणजे रोपाची पहिली जुडी. मालकिणीनं पहिल्या पेंढीले हळद-कुंकू लावाचं, अन् टोळीतल्या सगळ्यात वडील बाईच्या हातात द्याची, दोन्ही हातानं, अन् तिनं मातामायचं, गावदेवीचं, नाव घेऊन ती रोवाची, मंग बाकीच्यायनं वाकाचं. कोणी लिहून नाही ठेवलं, पण असंच आहे. अन् वहिनीनं त्याले सकाळी सगळं सांगतलं होतं हो, हळद घ्या, कुंकू घ्या, नारळ घ्या, गूळ घ्या, चायपत्ती, साखर, भगोनं… यानं सगळं आणलं. भगोनं आठवलं, माचीस आठवली, गोदामाय नाही आठवली! कुंकू लावलं, पेंढी उचलली, अन् समोर इतक्या बाया पाहून माणूस गांगरला, मान खाली घालून जी सगळ्यात जवळ होती तिच्या हातात पेंढी ठेवून मोकळा झाला. जवळ कोण होती? रिता. ती बिचारी त्याच्या हातातलं कुंकवाचं ताट धराले पुढं आलती. तिले वाटलं, मालकानं देली तं आपल्या गावात असंच असन… अन् तिनं 'मातामाय' म्हणून रोवली भी. अन् तिच्या मागं तिची सासू, दोन्ही हात पुढं करून उभी.

गोदामायनं हात मागं घेतले, पदराले पुसले, अन् चुपचाप पाण्यात उतरली. बोलली असती तं बरं झालं असतं, पण एक शब्द नाही.

आता रोवण्यात राग कसा चालते ते पाहा, मॅडमच्या चित्रात तो वरून खाली जाऊन राहिला होता, साहेबाकडून चपराश्याकडं. आपल्याकडं तो आडवा जाते. बाया ओळीनं उभ्या, वाकून, मागं मागं सरकत लावतेत, प्रत्येकीची आपली पात. ओळ सारखी सरकली पाहिजे. एखादी मागं राह्यली तं दोन्ही बाजूनं धान लागलेला अन् मधात ती एकटी, सगळ्या बांधीले दिसते का ही राह्यली. तेवढी बेइज्जती कोणत्याच बाईले मंजूर नाही. तं गोदामायनं रागानं हात चालवला. टप टप टप टप… तिच्या वयाची बाई, पण पेंढी सुटते कव्हा अन् रोवते कव्हा, डोळ्याले दिसेना. तिच्या बाजूले रत्नाबाई. ती म्हणे, 'काय वं गोदामाय, कायले पळून राहिली? गाडी चुकून राहिली का?' गोदामाय म्हणे, 'ज्यायले पेंढी देली त्यायले विचार.' संपलं. रत्नाबाईले काही समजलं नाही, पण टोळीची चाल मुखिया ठरवते ना? ही कोण चाल ठरवणारी? तिले आला राग. तिनं भी हात चालवला.

रत्नाबाईच्या बाजूले शकुनबाई. तिनं आपलं नेहमीसारखं गाणं उचललं, पहिली ओळ झाली, अन् रत्नाबाई वरडली, 'गाणं नोको सांगू आज, हात चालव!' आता शकुनबाईले गाणं नोको म्हणणं म्हणजे… मी तिच्या लग्नाच्या वरातीत होतो, ती तिथं भी गाऊन राहिली होती, स्वतःच्या लग्नात! तिनं तोंड मिटलं ते मिटलंच, अन् राग हातात उतरला. इकडं रिता चार खेपा म्हणे, 'आत्याबाई, पाणी देऊ का?' सासू बोलेना. पोरीले वाटलं, सगळ्या गावासमोर आपल्यासंग बोलत नाही, असं मी काय केलं? आधी रडाले आलं, अन् रडून झाल्यावर राग. अन् तरणी पोरगी ती, तिचा हात सुटला तं मंग इचारूच नोका.

धुऱ्यावर कैलाश, पेंढ्या फेकणारा. एरवी हा एक पेंढी फेकते अन् दोन गोष्टी सांगते. त्या दिवशी चारही कोपऱ्यातून एकच, 'पेंढी!' 'इकडं पेंढी!' 'मेला का रे, पेंढी!' तो म्हणे, 'मले काय चार हात आहेत?' शकुनबाई म्हणे, 'दोन आहेत ते तरी चालव.' त्याले आला राग. त्यानं अशा पेंढ्या मारल्या, अशा मारल्या, का रोज अर्ध्या पाण्यात पडून वाहत जातेत, त्या दिवशी एक एक पेंढी बरोबर जिच्या तिच्या हाताखाली. चेंडूफळीत नाव काढलं असतं पोरानं.

अन् गंमत सांगू? कोणालेच मालूम नव्हतं का राग आला कुठून. हिले वाटे तिच्यामुळं, तिले वाटे त्याच्यामुळं. ज्याचा त्याले वाटे माहा स्वतःचा आहे, अस्सल, घरचा.

भैयाजी धुऱ्यावर उभा, घामानं चिंब. माह्यापाशी आला, 'चंद्रकुमार, या सगळ्या काहून अशा करून राहिल्या गा? मी काही केलं का?' मी म्हटलं, 'तू कव्हा काही केलं आहे?' तो म्हणे, 'मी चाय करतो.' चाय केली. आता टोळीची चाय तुम्हाले मालूम आहे. चाय म्हणजे अर्धा घंटा. तंबाखू निघते, कोणाच्या सुनेचं निघते, कोणाच्या गायीचं निघते. त्या दिवशी सगळ्या धुऱ्यावर आल्या, एकमेकीकडं पाठ करून उभ्या राह्यल्या, उभ्या उभ्या चाय तोंडात ओतली, कप ठेवला अन् वापस पाण्यात. कोणी म्हटलं नाही साखर कमी आहे. अन् साखर नव्हतीच हो! घाबरून टाकाचीच राह्यली होती. म्हणजे बाया किती रागात असतीन तुम्हीच इचार करा.

दुपारी जेवणाचं तेच. रोज कसं, सिदोऱ्या सुटल्या का हिची भाजी तिच्या भाकरीवर, मंग झाडाखाली जरा आडवं होणं, मंग घोरणं. त्या दिवशी एक एक बाई एक एक धुऱ्यावर, जशा काही सगळ्या पहाऱ्याले बसल्या आहेत, खाल्लं, हात धुतले अन् उतरल्या. भैयाजी गूळ घेऊन हिच्याकडं जाते, तिच्याकडं जाते, 'घ्या ना माय, गूळ घ्या ना…' कोणी घेईना. शेवटी त्यानंच सगळा गूळ खाल्ला.

अन् मी, तुम्हाले सांगतो, मी धुऱ्यावर बसून बांधीकडं पाह्यलं अन् माहे डोळेच फाटले. अर्ध्याच्या वर बांधी हिरवी! एरवी त्या वेळेपर्यंत पाव भाग होत नाही. अन् ओळी कशा, सुतळी धरल्यासारख्या. कोणाची ओळ वाकडी नाही, काहून का वाकडी दिसली असती तं बाजूची बोलली असती, अन् तिनं बोलावं अशी कोणाची इच्छा नव्हती. मी भैयाजीले हात धरून बसवलं, म्हटलं, 'पाह्य. फक्त पाह्य.' तो पाहतच राह्यला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, 'लागते का गा? आजच लागते का?' म्हटलं, 'लागते. भलं होवो त्या रागाचं. तू फक्त मधात काही बोलू नोको.'

अन् तितक्यात वहिनीचा फोन.

'आयकून राहिले का? कुठवर आली बांधी? चाय झाली? अन् पहिली पेंढी गोदामायले देली ना?'

भैयाजीचा चेहरा, काय सांगू, खोट्या नोटीसारखा झाला. इकडं पाहे, तिकडं पाहे. 'हव… म्हणजे… देली ना. पेंढी देली.' 'कोणाले देली?' फोन कट केला त्यानं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा फोन कट केला त्या माणसानं. अन् माह्याकडं वळून म्हणे, 'चंद्रकुमार, मी रिताले देली गा. गोदामाय मागं उभी होती. चूक माही व्हय. हे सगळं माह्यापासून निघालं.'

म्हटलं, 'बरं मंग?'

म्हणे, 'मंग मी जाऊन सांगतो ना त्यायले.'

मी त्याचा दुपट्टाच धरला. म्हटलं, 'पागल झाला का? आत्ता सांगशीन तं काय होईन, गोदामाय रडन, रिता पाया पडन, सगळ्या जमा होतीन, रत्नाबाई समजूत काढन, शकुनबाई गाणं उचलन, सगळ्या हसतीन, चाय मागतीन, अन् दिवस मावळन! तुही बांधी राह्यते ना बावा! सांग, सगळं सांग, पण संध्याकाळी सांग. आत्ता चुप राह्य. राग चालू दे.' अन् माहं काही चुकलं का, सांगा? दोन-तीन घंट्याचा प्रश्न होता. तलावाच्या पाळीचा प्रश्न होता. गुड्डीच्या तांदळाचा प्रश्न होता. वहिनी खाटेवरून विचारून राहिली होती.

तो बसला.  मंग म्हणे, 'ती पोरगी रडून राहिली गा.' मी पाह्यलं, रिता लावून राहिली अन् कोपरानं डोळे पुसून राहिली, हात चिखलाचे ना, दुसरं कायनं पुसन? भैयाजी म्हणे, 'माह्या गुड्डीच्याच वयाची आहे. उद्या गुड्डी कोणाच्या बांधीत उभी राहीन अन् दुसऱ्याच्या चुकीसाठी रडन… अन् एखादा मालक धुऱ्यावर बसून पाहीन. राहू दे, चंद्रकुमार. बांधी राह्यली तं राह्यली.' अन् उठला, पायजमा वर केला, अन् चिखलात उतरला. मी कपाळाले हात लावला. म्हटलं, गेला याचा धान, अन् उद्या माहा अर्धा दिवस गेला.

बांधीच्या मधात जाऊन उभा राह्यला. सगळ्यायनं हात थांबवले. हात जोडून म्हणे, 'गोदामाय, पहिली पेंढी तुही होती. मले रुखमिणीनं सांगतलं होतं, मी विसरलो. रिताची काही गलती नाही. मीच गांगरून तिच्या हातात देली. ज्या ज्या बाईले आज राग आला असन, तो माह्यामुळं आला. मले जे म्हणाचं ते म्हणा, पण आपसात असं नोका करू.'

 

मंग रत्नाबाई हळूहळू सरळ झाली, कमरेवर हात ठेवले, म्हणे, 'म्हणजे… सकाळपासून मी या शकूवर वरडून राहिली… ते तुह्यामुळं?' शकुनबाई म्हणे, 'अन् माहं गाणं बंद झालं, ते तुह्यामुळं?' कैलाश धुऱ्यावरून म्हणे, 'अन् मले मेला का म्हणे, ते?' भैयाजी प्रत्येकाले 'हव' म्हणे. रिता सासूकडं पाहत राह्यली. अन् गोदामाय, सकाळपासून जी एकच वाक्य बोलली होती, ती म्हणे, 'भैयाजी, रोवणा सरू दे. मंग तुले पाह्यतो आम्ही.'

अन् सगळ्या बाया एकदम खाली वाकल्या.

नाही समजलं? अरे, रोवणा सरला का काय करतेत बाया? मालकाले चिखल लावतेत! शेवटची पेंढी रोवली का मंग मालक टोळीचा, मंग कोणी लहान नाही मोठं नाही. पण कव्हा? रोवणा सरल्यावर. सरल्याबिगर मालकाले हात लावता येत नाही. अन् त्या सगळ्या रागाले, जो सकाळपासून बिनपत्त्याचा फिरून राहिला होता, त्याले आता पत्ता भेटला. भैयाजी उभा होता समोर, धडधाकट. आता त्याच्यापर्यंत पोचाचं तं मधात काय होतं? राह्यलेली बांधी! तुम्हाले सांगतो, सकाळची चाल म्हणजे काहीच नाही. आता सगळ्या एक झाल्या. 'इकडं पेंढी दे कैलाश, मालक पळून जाईन!' 'रिता, तिकडचा कोपरा धर, पोरी!' सासू सुनेले हाक मारून राहिली होती, तिची पात मागं पडली तं हात आडवा घालून तिची भी पात लावून राहिली होती, अन् तोंडानं म्हणून राहिली होती, 'थांब, तुले तं मी सोडत नाही भैयाजी.' शकुनबाईनं गाणं उचललं, अन् गाण्यात भैयाजीचंच नाव, त्याच्या भगोन्याचं, बिनसाखरेच्या चायचं… म्हणजे मालूम होतं बायायले!

सूर्य बाभळीच्या वर होता तव्हा शेवटची पेंढी उरली. गोदामायनं ती रिताच्या हातात देली, म्हणे, 'पहिली तू रोवली, शेवटची भी तूच रोव.' रितानं रोवली. अन् पोरगी सासूच्या गळ्यात पडून हसून राहिली का रडून, ते चिखलात काही समजलं नाही.

अन् मंग भैयाजी.

पळाला नाही हो. दुपट्टा काढून माह्या हातात देला, मोबाईल देला, अन् उभा राह्यला. बायायनं त्याले उचलून बांधीच्या कोपऱ्यात, जिथं पाणी येते तिथं, असा आडवा पाडला, असा लोळवला, का माणूस कोणता अन् धुरा कोणता समजेना. रत्नाबाईनं कानात चिखल भरला, कैलाशनं सगळा हिशोब पुरा केला. अन् माह्या हातातला मोबाईल वाजून राहिला, वहिनी. 'काय झालं? कोण वरडून राहिलं? सरला का रोवणा?' म्हटलं, 'सरला वहिनी. तुमचा मालक भी सरत आला.'  मंग बारीक आवाजात म्हणे, 'खरंच सरला, भाऊजी? सगळी बांधी?' म्हटलं, 'सगळी. धुऱ्याले धुरा.' अन् वहिनी फोनवर रडली. अन् मी, माहं नाव चंद्रकुमार, लाकडासारखा माणूस, मले भी भरून आलं.

चिखलातून भैयाजी बसला, फक्त डोळे अन् दात दिसून राहिले, हात जोडले, म्हणे, 'माय हो, तुम्ही नसत्या तं माह्या घरानं यंदा दुकानाचा भात खाल्ला असता. तुमचा उपकार मी विसरत नाही.' रत्नाबाई म्हणे, 'उपकार राहू दे, साखर टाकून चाय कर.' संध्याकाळी सगळी टोळी वहिनीच्या खाटेपाशी. वहिनीनं बसल्या बसल्या एक एकीले कुंकू लावलं, गोदामायच्या पायाले हात लावला, अन् जे जेवण झालं… वड्याची भाजी, भात, गुळाची खीर. बाया अशा खुशीत घरी गेल्या, एकमेकीच्या खांद्यावर हात टाकून, सासू-सून तं एका घोंगडीत. भलं होवो त्या रागाचं, मी म्हटलं.

अन् दुसऱ्या दिवशी तीच टोळी माह्या बांधीत.

आता माह्या दशेचा इचार करा. इतक्या खुश बाया मी आयुष्यात पाह्यल्या नाहीत. आल्या त्याच गात आल्या. 'शकू, तू सांग.' 'नाही रत्ना, आधी तू सांग.' 'गोदामाय, तू बस, आम्ही लावतो.' प्रेम! नुसतं प्रेम! मले घाम फुटला. म्हटलं, हे असं राह्यलं तं माही बांधी दिवाळीले लागते. कायतरी कराले पाहिजे. माही बायको मालन कुंकवाचं ताट अन् पेंढी घेऊन उभी, गोदामायले द्याले निघाली, अन् मी… काय सांगू… मी तिच्या हातातून पेंढी ओढली अन् नेऊन रिताच्या हातात ठेवली! म्हटलं, आता पेटते.

काय पेटते? गोदामाय हसली, म्हणे, 'दे दे, माह्या सुनेच्या हातचं लागते, काल पाह्यलं ना!' अन् सगळ्यायनं मिळून रिताले उचलून घेतलं, अन् गाणं, अन् चाय, अन् चायवर अजून एक चाय, अन् दुपारी झाडाखाली सगळ्या अशा झोपल्या का बस. संध्याकाळी अर्धी बांधी लागली होती. रत्नाबाई म्हणे, 'भाऊजी, वाईट नोका मानू, आज मजा आली.' अन् आज सकाळी टोळी गेली गोसीखुर्दकडं.

म्हणून हा भैयाजी इथं आहे. न बोलावता आला, दिवस उगवाच्या आधी, कानातला चिखल अजून निघाला नाही त्याच्या. वहिनी भी तिकडं झाडाखाली खाटेवर आहे, प्लास्टरचा पाय लांब करून पेंढ्या सोडून देऊन राहिली. 'चिखल बसाच्या आत लावून टाकू गा' म्हणे. असे शेजारी कोणाले भेटतेत? मी त्यायचे पाय धुऊन पाणी पेईन.

पण खरं काम कोण ओढून राहिलं, ते पाहा. मधात. मालन. माही बायको. चार बायायसमोर तिच्या हातातली पेंढी ओढली ना मी… कालपासून एक शब्द नाही. ना चायले, ना जेवणाले. आज सकाळपासून मान वर केली नाही तिनं. हात पाहा तिचे, टप टप टप टप… सकाळपासून तो पट्टा एकटीनं सरवला, आम्ही दोघं माणसं मागं राह्यलो!

आत्ताच भैयाजी आलता माह्यापाशी, म्हणे, 'चंद्रकुमार, जाऊन माफी माग गा मालन वहिनीची. मी मागतली तं किती हलकं वाटलं मले.' म्हटलं, 'मागतो ना. पाया पडून मागतो. आंघोळीचं पाणी भी काढून ठेवलं आहे, चिखल काही चुकत नाही आपल्याले.'

पण आत्ता नाही म्हटलं, भैयाजी. अजून ती खालची बाजू लागाची आहे.